चेंडू कोणाचा?

मुलांनो, तुमच्या गल्लीत किंवा गावात एखादा क्लब आहे का? असला तर तो किती दिवसांचा आहे? हसू नका, 'दिवसांचा' हा शब्द मी मुद्दामच वापरला. कारण आमच्या आसेगावात निघालेला पहिला फुटबॉल क्लब बरोबर एकोणीस दिवस जगला!

आसेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातलं. या नावाची गावं विदर्भात आणखीही आहेत, म्हणून तालुका सांगून टाकला. पावसाळ्यात सगळीकडे सोयाबीन आणि तूर. सोयाबीन निघालं की रानं मोकळी होतात आणि पोरांना अंगण कमी पडत नाही. क्रिकेट तर चालतंच, कबड्डीही जोरात चालते. फुटबॉलकडे मात्र कुणी फारसं फिरकत नव्हतं.

ते चित्र एका रात्रीत बदललं. १८ डिसेंबर २०२२. कतारमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. कुणी घरच्या टीव्हीसमोर, कुणी मोठ्या भावाच्या मोबाईलमध्ये मुंडकी खुपसून सामना पाहिला. मेसीचे दोन गोल, एम्बापेचे तीन, शेवटी ३-३ बरोबरी आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने विजयी! दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरा विषयच नव्हता. पुढच्या आठवडी बाजारात आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे, पाठीवर १० आकडा असलेले बनियन विकायला आले आणि दुपारपर्यंत संपलेसुद्धा. चौदा पोरांचा संघ तयार झाला. चौदाही जणांच्या पाठीवर १० नंबर!

एकोणीस दिवसांचा क्लब

संघात चेंडू एकच होता. तो माझ्या भाच्याचा. त्याच्या बाबांनी अकोल्याहून आणलेला. या गोष्टीत मी त्याचं नाव सांगणार नाही, कारण त्याने तसं वचन घेतलंय. आपण त्याला चेंडूवाला म्हणू.

गोलाचे खांब म्हणजे दोन्हीकडे ठेवलेल्या चपला. एकोणिसाव्या दिवशी चेंडू नेमका चपलेवरून गेला. एक बाजू म्हणे गोल झाला, दुसरी म्हणे बाहेर गेला. तिथे ना पंच, ना रेषा. आवाज चढले. चेंडूवाल्याच्या संघावर गोल लागत होता. त्याने चेंडू उचलला, काखेत मारला आणि म्हणाला, "चेंडू माहा हाय! मी चाललो घरी."

तेरा पोरं हातात चपला घेऊन उभी राहिली. खेळ संपला आणि क्लबही संपला.

तीन-चार दिवसांनी तो स्वारी करून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. एकट्याने भिंतीवर चेंडू मारून मारून कंटाळला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "मामा, मेसी लहानपनी ज्या क्लबात खेळला, तो किती वर्सांचा हाय?"

"१९०३ सालचा. म्हणजे एकशे वीस वर्षांचा."

"मंग तो काऊन नाई मोडला?"

प्रश्न साधाच होता, पण मला पटकन उत्तर देता येईना. मला कामानिमित्त कोल्हापूरला जायचंच होतं. म्हटलं, चल माझ्याबरोबर. जुने फुटबॉल संघ कसे टिकतात, ते पाहायला अर्जेंटिनापर्यंत जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातच ते पाहता येईल.

गाडीत बसून रोसारिओला

आसेगावहून एसटीने मंगरूळपीर, तिथून अकोला, आणि अकोल्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. ही गाडी गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला थांबते. अख्खा महाराष्ट्र आडवा कापत तेराशे किलोमीटरहून जास्त धावते! दिवेलागणीच्या आधी अकोल्याला बसलो. कोल्हापूर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती. वेळच वेळ. डबा खाऊन झाल्यावर मी गोष्ट सुरू केली.

रोसारिओ हे अर्जेंटिनातलं पाराना नदीकाठचं शहर. तिथे रेल्वे इंग्रजांच्या कंपन्यांनी बांधली. आपल्याकडे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला आठवते ना? आता ती बंद पडली, पण तीही इंग्रज कंपनीचीच. आपल्याकडची रेल्वे कापसासाठी आली, तिथली गहू आणि मांस बंदरावर नेण्यासाठी. रेल्वेबरोबर इंग्रज कामगार आले आणि कामगारांबरोबर फुटबॉल आला. १८८९ साली रेल्वे कामगारांनी रोसारिओत एक क्लब काढला. तोच आजचा रोसारिओ सेंट्रल.

त्याच शहरात आयझॅक न्यूएल नावाचे एक शिक्षक होते. वयाच्या सोळाव्या वर्षी इंग्लंड सोडून ते अर्जेंटिनाला गेले आणि १८८४ साली त्यांनी रोसारिओत शाळा काढली. शाळेत अभ्यासाबरोबर पोरं फुटबॉल खेळू लागली. शाळा सोडून गेलेल्या मुलांना खेळ सोडवेना. म्हणून ३ नोव्हेंबर १९०३ रोजी सरांच्या मुलाने, जुन्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून क्लब काढला. नाव ठेवलं 'न्यूएल्स ओल्ड बॉईज'. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'न्यूएल सरांचे माजी विद्यार्थी'! रंग लाल आणि काळा. लाल इंग्लंडच्या झेंड्यातला, आणि सरांच्या पत्नी जर्मन, म्हणून काळा जर्मनीच्या झेंड्यातला.

चेंडूवाला म्हणाला, "म्हंजे शाळेतल्या पोरायचा क्लब?"

"हो, तुमच्यासारखाच."

"मंग कप कधी जिंकला?"

"देशाच्या लीगचं विजेतेपद पहिल्यांदा मिळालं १९७४ साली."

त्याने बोटांवर हिशेब केला. एकाहत्तर वर्षं! तो गप्पच झाला. आणि हे विजेतेपद मिळालं कुठे, तर शेजारच्या वैऱ्याच्या, रोसारिओ सेंट्रलच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी साधून. विचार करा, १९०३ साली क्लब काढणाऱ्यांपैकी किती जणांना तो दिवस पाहायला मिळाला असेल?

या क्लबच्या पाठीराख्यांचं टोपणनाव ऐकून तर तुम्ही चमकाल. त्यांना म्हणतात 'लेप्रोसो', म्हणजे कुष्ठरोगी! तिथली जुनी कथा अशी, की १९२० च्या सुमारास कुष्ठरुग्णांच्या मदतीसाठी एक सामना ठरला. न्यूएल्स खेळायला तयार झाला, सेंट्रलने नकार दिला. त्यावरून एकाला 'कुष्ठरोगी' आणि दुसऱ्याला 'हरामखोर' अशी नावं पडली. चिडवण्यासाठी दिलेली ही नावं दोन्हीकडचे लोक आज अभिमानाने मिरवतात. आपल्या विदर्भातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन आपल्याला माहीत आहे. ज्या रोग्यांना लोक गावाबाहेर काढत, त्यांच्या बाजूने उभं राहायला काय लागतं, तेही माहीत आहे.

मेसी याच शहरात २४ जून १९८७ रोजी जन्मला. सहा-सात वर्षांचा असताना तो न्यूएल्सच्या बालसंघात आला. पुढे त्याची उंची वाढेना. शरीराची वाढ करणाऱ्या संप्रेरकाची कमतरता निघाली आणि उपचार महागडे. २०००मध्ये, तेराव्या वर्षी, तो बार्सिलोनाला गेला. न्यूएल्सच्या मोठ्या संघातून तो कधी स्पर्धेत खेळलाच नाही. आणि मॅरडोना? तोही १९९३ साली थोडे दिवस या क्लबकडून खेळला.

"एवढे मोठे खेळाडू गेले तरी क्लब राह्यला?"

"राहिला. क्लब खेळाडूंचा असता तर गेला असता. तिथे क्लब सभासदांचा असतो. सभासद वर्गणी भरतात आणि मत देऊन अध्यक्ष निवडतात. शेठ रागावला म्हणून क्लब काखेत मारून घरी नेता येत नाही."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं. पण ते त्याला लागलं असावं. तो वरच्या बाकावर चढला आणि पांघरूण ओढून झोपला. दौंड गेलं, पुणं गेलं, त्याला पत्ता नव्हता.

तालमीच्या गावात

दुसऱ्या दिवशी मिरज मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडच्या तुरीच्या शेतांपुढे हा ऊस म्हणजे जंगलच. मग पंचगंगेवरचा पूल आला आणि कोल्हापूर आलं. स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस.

कोल्हापूर म्हटलं की तुम्हांला अंबाबाईचं देऊळ, चपला, तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती आठवेल. कुस्तीला राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. खोलगट हौदा, भोवती चढत जाणाऱ्या बसायच्या जागा, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच! पण या कुस्तीच्या शहराला फुटबॉलचंही तेवढंच वेड आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं.

हे वेड शतकभर जुनं. संस्थानच्या काळात राजघराण्याने खेळाला पाठबळ दिलं आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे जण तिला 'केएसए' म्हणतात. आजही शहराची फुटबॉल लीग हीच संस्था भरवते. पावसाळा सरला की खेळाडूंची नोंदणी होते, मग लीग, आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक बाद फेरीच्या स्पर्धा.

पण खरी गंमत पुढेच आहे. या लीगमधले संघ कुणाचे? बरेचसे तालमींचे!

तालीम म्हणजे मुळात व्यायामाची जागा. तांबड्या मातीचा आखाडा, भिंतीशी जोर-बैठकांची जागा, कोपऱ्यात मारुती. कोल्हापुरात प्रत्येक पेठेत अशा तालमी आहेत. पण तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतला गणपती तिचा, शिवजयंती तिची, काही तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा बसतात. पंचगंगेला महापूर आला की माणसं हलवायला तालमीचीच पोरं धावतात. आणि तालमीचाच फुटबॉल संघ असतो. नावं तरी कशी पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब. वरिष्ठ गटात असे सोळा संघ खेळतात. सगळे एकाच शहरातले!

आम्ही एका पेठेतून चाललो होतो. एका चौकात मेसीचा मोठा फलक अजून उभा होता. विश्वचषक संपून दोन महिने झाले होते, उन्हाने त्याचा रंग उडाला होता. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी ब्राझीलच्या नेमारचा फलक. चेंडूवाला फलकापुढे थबकला.

"मामा, इथं बी!"

"इथे तर प्रत्येक विश्वचषकाला असंच असतं. अर्धी पेठ अर्जेंटिना, अर्धी ब्राझील. पण सामना आपल्या तालमीचा असला, की दोन्ही अर्धी एक होतात."

चेंडू पेठेचा

दुपारी आम्ही राजर्षी शाहू स्टेडियमवर गेलो. रावणेश्वराच्या देवळाशेजारी हे मैदान आहे. तिकीट काढून आत शिरलो आणि चेंडूवाल्याचे डोळेच विस्फारले. पायऱ्या माणसांनी भरलेल्या. आजोबा आहेत, नातू आहेत. शाळेतून परस्पर आलेली, पाठीवर दप्तर असलेली पोरं आहेत. इकडे एका संघाचे झेंडे, तिकडे दुसऱ्याचे. मधूनच हलगी कडाडते. एखाद्याने चेंडू दोघांना चुकवून काढला, की अख्खी बाजू एका सुरात ओरडते आणि तो सूर समोरच्या बाजूवर जाऊन आपटतो.

सामना कोणाचा होता आणि कोण जिंकलं, ते मी लिहिणार नाही. मला कोल्हापुरात पुन्हा जेवायला जायचंय! एवढंच सांगतो, की पूर्वार्धात गोल झाला नाही आणि उत्तरार्धात दम खायला सवड मिळाली नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. डोक्याला टोपी, हातात शेंगदाण्याची पुडी. त्यांनी पुडी पुढे केली. विचारलं, "कुठनं आलाय?"

"वाशीम जिल्ह्यातून. आसेगाव."

"वाशीम? लई लांबनं आलासा की! निस्ती मॅच बघाय?"

मी हो म्हणताच आजोबा खूश झाले. मग त्यांनी कुठल्या साली कोणी कसा गोल मारला, ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चेंडू बाहेर गेला. दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं धावत गेलं, चेंडू छातीशी धरून आणला आणि खेळाडूला दिला. चेंडूवाल्याने आजोबांना विचारलं, "आजोबा, हा चेंडू कोनाचा हाय?"

आजोबांना प्रश्नच कळेना. "कुणाचा म्हंजे?"

"म्हंजे, घरी कोन नेते?"

आजोबा खो खो हसले. "घरी कोन नेतंय? मॅचचा चेंडू असोसिएशनचा. आन् सरावाचा तालमीत ऱ्हातोय. पेठंचा हाय की रं त्यो!" मग गंभीर होऊन म्हणाले, "माझा बा वर्गणी देत हुता. मी देतो. नातू खेळतोय. मी काय कुनी मोठा न्हाई. पर मी तालमीचा हाय आन् तालीम माझी हाय."

चेंडूवाला काही बोलला नाही. पुडीतले शेंगदाणे मात्र त्याने एकेक करून मोजत खाल्ले. विचारात असला की तो असंच करतो.

पण मुलांनो, सगळंच गोड आहे असं समजू नका. हे आजोबांनीच सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज उतरला. आपल्या पेठेवर प्रेम करता करता दुसऱ्या पेठेचा राग येऊ लागतो. मैदानातली बाचाबाची पायऱ्यांवर येते, पायऱ्यांवरची रस्त्यावर येते. दगड उडतात, गाड्या फुटतात. सामने थांबवावे लागलेत, मोठा पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. ज्या दिवशी दगड उडतो, त्या दिवशी लहान पोरांना घरचे मैदानावर पाठवत नाहीत. म्हणजे तोटा कोणाचा? उद्याच्या खेळाडूचाच.

दुसरा वाद बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा. बक्षिसं मोठी झाली तशी चुरसही वाढली. काही संघ पैसे देऊन परगावचे आणि परदेशचे, बहुतेक आफ्रिकेतले, खेळाडू आणू लागले. त्यांच्यामुळे खेळ वेगवान झाला आणि स्थानिक पोरांना शिकायलाही मिळालं. पण मग पेठेतल्या पोराने बाकावरच बसायचं का, असं लोक विचारतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इथे मला न्यूएल्सचा १९८७-८८ चा विजेता संघ आठवला. तो सगळाच्या सगळा क्लबच्या स्वतःच्या बालसंघांतून तयार झालेल्या खेळाडूंचा होता! असं फार थोड्यांना जमतं, पण जमू शकतं.

आणि कोल्हापूरची माती कमी पडत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. तालमींचे संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत नाहीत, पण तिथे जाणारी पोरं या मैदानाभोवतीच वाढतात.

बलाढ्य क्लब कसे गेले?

परतीच्या गाडीत मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईत महिंद्र युनायटेड नावाचा संघ होता. कंपनीचा संघ, १९६२ पासूनचा. पगार वेळेवर, सोयी उत्तम, खेळाडू नामवंत. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. अशा संघाला काय कमी? पण २०१० साली कंपनीने संघ बंद करायचं ठरवलं आणि संघ बंद झाला. गोव्यातला डेंपो क्लब तर राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचा विजेता. तोही २०१६ साली वाद झाल्यावर आय-लीगमधून बाहेर पडला. सुदैवाने त्याने मुलांना शिकवणं चालू ठेवलं आणि २०२४-२५ च्या हंगामात तो आय-लीगमध्ये परत आला. हे शेवटचं अर्थात तेव्हा घडलेलं नव्हतं, आता लिहिताना सांगतोय.

कंपन्यांना नावं ठेवायची म्हणून मी हे सांगत नाही. त्यांनी कित्येक वर्षं खेळाडूंना नोकरी दिली, पोटाला दिलं. पण चेंडू एकाचा असला, की तो घरी न्यायचा की नाही तेही एकटाच ठरवतो. अर्जेंटिनातसुद्धा आज हाच वाद पेटलाय. क्लबांचं मालकीहक्क कंपन्यांना विकत घेऊ द्यावेत, असं तिथलं सरकार म्हणतं आणि बहुतेक क्लब त्याला विरोध करतात. पैसा आला तर क्लब सावरतील, हे एका बाजूचं म्हणणं. क्लब आमच्या आजोबांनी उभे केले, ते विकायचे नाहीत, हे दुसऱ्या बाजूचं.

आणि सध्या न्यूएल्सचं कसं चाललंय, असं तुम्ही विचाराल. तर खरं सांगतो, फारसं बरं नाही. २०१३ साली त्यांनी लीग जिंकली, त्यानंतर २०२५ संपेपर्यंत पुन्हा नाही. उलट शेजारच्या सेंट्रलने २०२३ मध्ये लीग कप जिंकला. २०२५ मध्ये तर विश्वविजेत्या संघातला दी मारिया आपल्या या जुन्या क्लबात परतला आणि दोघांच्या सामन्यात त्यानेच फ्री किकवर गोल मारून न्यूएल्सला १-० हरवलं! तरी न्यूएल्सचं मैदान ओस पडलेलं नाही. जून २०२३ मध्ये एका जुन्या खेळाडूच्या निरोपाच्या सामन्यासाठी मेसी तिथे खेळायला आला. दिवस होता त्याचा छत्तिसावा वाढदिवस. विश्वचषक जिंकून आलेला माणूस, पण वाढदिवसाला आपल्या बालसंघाच्या मैदानावर!

वहीचं पहिलं पान

आसेगावला परतल्यावर चेंडूवाल्याने काय केलं असेल? मला वाटलं होतं, जाऊन पोरांची माफी मागेल. तसं काही त्याने केलं नाही. तो दुकानात गेला आणि शंभर पानी वही घेऊन आला. संध्याकाळी बाकीच्या तेरा जणांना शाळेजवळच्या लिंबाखाली बोलावलं. पहिल्या पानावर तारीख टाकली आणि सगळ्यांसमोर लिहिलं: 'जमा: चेंडू १.' खाली स्वतःची सही केली.

कुणी काही बोललं नाही. मग एकाने पाच रुपये काढून ठेवले. तेही लिहिलं गेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी नियम ठरवले. दर आठवड्याला पाच रुपये वर्गणी. ज्याच्याकडे नसतील त्याने मैदानातले गोटे वेचायचे. चेंडू आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी राहील, पण खेळाच्या वेळी तो मैदानावर हवाच. पंच दर सामन्याला बदलेल आणि त्याचा शब्द शेवटचा. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी बोलायचं, त्या दिवशी नाही. एक मुलगी म्हणाली, "आमाले बी घ्या." अर्धा तास चर्चा झाली. तिने तेवढ्या वेळात चेंडू पायावर वीस वेळा उडवून दाखवला. चर्चा संपली!

नाव काय ठेवायचं, यावर सर्वांत मोठा वाद झाला. कुणी अर्जेंटिना म्हणालं, कुणी मेसी इलेव्हन. शेवटी चेंडूवाला म्हणाला, "न्यूएल सरायनं आपल्या शाळेचं ठेवलं. पेठवाल्यायनं पेठेचं ठेवलं. आपन आपल्या गावाचं ठेवू." आणि चौदा १० नंबरांवर खडूने नवे आकडे लिहिले गेले. पहिल्या धुण्यात ते गेले, तेव्हा आयांनी दोऱ्याने शिवून दिले.

आता या क्लबची अलीकडची कामगिरी ऐका. जिंकलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजावेत. शेजारच्या गावाने एकदा पाच गोल चढवले. पहिला चेंडू बाभळीच्या काट्याने फुटला, दुसरा विहिरीत पडला. सध्या चौथा चालू आहे. सोयाबीनला भाव नसला की वर्गणी थकते आणि वहीत 'बाकी' लिहिली जाते. ती बाकी कुणी बोलून दाखवत नाही. पण क्लब तीन वर्षं पूर्ण करून पुढे गेलाय. एकोणीस दिवसांच्या मानाने बरंच झालं, नाही का?

चेंडूवाला यंदा दहावीला आहे. पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल. परवा त्याने ती वही सहावीतल्या एका मुलीच्या हाती दिली. तिने आधी सगळी बाकी मोजली आणि मग त्यालाच म्हणाली, "दादा, तुहे पंधरा रुपये राह्यले."

त्याने मुकाट्याने काढून दिले.

तर मुलांनो, तुमच्या गावात क्लब काढायचा असेल, तर चेंडू नंतर आणा. आधी एक वही घ्या.